कोपीभोवतीची पांढरी बाई

मी माझ्या सख्ख्या चुलतीला हडळ ठरवलं आणि तिचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला.

विहिरीवरची मोटार चोरीला गेली, म्हणून मी शेतात सोलरवरचा कॅमेरा बसवला होता. अंधारातलं दाखवणारा. काही हललं की मोबाईल टुणकन वाजायचा. सुरुवातीला मी रानडुकराला चोर समजलो. घुबडापायी पोलीस पाटलांना उठवलं. एकदा तर लाईट आली का बघायला गेलेल्या मलाच मी सकाळी कॅमेऱ्यात बघून शिव्या घातल्या. कॅमेरा चांगलाच होता, बघणाऱ्याचं काय सांगावं!

येळवस होऊन आठवडा झाला होता. आमच्याकडे त्या अमावास्येला सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोपी उभी करून आत पूजा मांडायची आणि कोपीभोवती, पिकाभोवती फिरत आंबील शिंपडायचं. आमची कोपी अजून उभीच होती. मोडायचा आळस. कुणाचा, ते सांगायला नको.

अशा फजित्यांनंतर मी मोबाईलचा आवाज बंद करूनच झोपायचो. सकाळी हॉटेलात चहा पिता पिता मी रात्रीची क्लिप उघडली. कोपीभोवती एक बाई गोल गोल फिरत होती. पांढरंफट्ट लुगडं. डोळे टॉर्चसारखे. थांबायची, हात झटकायची, की हातातून ठिणग्या उडायच्या. चहा माझ्या नाकातून आला.

मोबाईल हातोहात फिरला. हॉटेलवाला म्हणाला, "तुमच्या हिरीत मागं एक बाई गेलती म्हणं?"

"गेलती," मी म्हणालो. कुणी गेलेली नव्हती. पण माणसं जमली होती, आणि इतकी माणसं माझं कधी ऐकत नाहीत.

तेवढ्यात चुलतभाऊ मोटारसायकलवर आला. पायात चप्पल नव्हती.

"आई घरात न्हाई बे. रातच्याला कवा उठून गेली, कळलंच न्हाई."

चुलतीला अलीकडे विसर पडत चालला होता. मेलेल्या चुलत्याचं ताट वाढायची. मध्येच गाठोडं बांधून तेलगावला, माहेरी निघायची.

"नेसलीय काय?" मी विचारलं.

"काळं लुगडं."

मी मोबाईल खिशात घातला. माझी बाई पांढरी होती. विषय संपला.

"शेताकडं बघावं का?" त्यानं विचारलं.

"तिकडं कॅमेरा हाय की. म्या बघितलंय, आई न्हाई तिथं. तू तेलगाव गाठ." एवढ्या खात्रीनं मी बायकोशीही कधी बोललो नाही.

तो तेलगावला गेला. मी बस स्टँडवर शोधायला गेलो, कारण स्टँड शेताच्या अगदी उलट्या दिशेला होतं. आणि त्या दिवशी आमच्या शिवारात कापूस वेचायला एक बाई फिरकली नाही. ते माझ्या व्हिडिओचं कर्तृत्व.

ऊन कलल्यावर वहिनीचा, म्हणजे त्याच चुलतभावाच्या बायकोचा फोन आला. ग्रुपवरची क्लिप आत्ता कुठं तिच्यापर्यंत पोचली होती.

"भाऊजी, ह्या तुमच्या चुलतीच हायत, आमच्या आत्याबाई. आंबील शिंपडायल्यात."

"अहो वहिनी, ते लुगडं पांढरं..."

"लुगडं ऱ्हाऊ द्या. हात बघा की! गेल्या साली पडल्यापासनं त्यांचा हात खांद्याच्या वर जात न्हाई. बघा, जातोय का?"

मी बघितलं. जात नव्हता.

चुलती कोपीच्या मागं, तुरीच्या ओळीत पडलेली होती. पाय मुरगळून सुजला होता. रात्रभर थंडी आणि दिवसभर ऊन खाऊन ओठ फुटले होते. शेजारी तांब्या आडवा. काळ्या लुगड्याला माती लागलेली. वहिनीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा ती म्हणाली, "समद्या रानाला पुरलं न्हाई गं." तिच्या लेखी येळवस चालूच होती. मी कोपीकडे बघत राहिलो. लहानपणापासून दर वर्षी असंच गोल फिरत आंबील शिंपडत आलोय मी. तेच मला मोबाईलवर ओळखू आलं नाही.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "एवढा उशीर कसा केला?" तेव्हा मी सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. चुलती तिथून घरी आली नाही.

दहावा झाल्यावर मी एक उद्योग केला. माझी काळी पँट कॅमेऱ्यापुढं वाळत घातली. रात्री ती नवरदेवाच्या सदऱ्यासारखी पांढरी दिसली. ठिणग्या म्हणजे आंबिलाचे थेंब, आणि डोळ्यांतले टॉर्च म्हणजे मोतीबिंदू काढून बसवलेली भिंगं. सगळा उलगडा झाला. हलकं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ ओट्यावर बसला होता. भादरलेल्या डोक्यावर नुकते खुंट फुटत होते. मी मोबाईल त्याच्यापुढं धरला.

"बघ, अंधारात ह्याला काळं बी पांढरं दिसतंय. म्हंजे माझी अशी चूक न्हाई. कॅमेराच तसा हाय."

त्यानं माझी पँट बघितली. मग मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.

"काळं असू दे न्हाईतर पांढरं. दिस उगवल्यावर तरी जाऊन बघायचं होतंस का न्हाई बे? लहानपणी परसाकडला जायला बी तुला सोबत लागायची. आईच यायची कंदील घिऊन. भित्रं ते भित्रंच ऱ्हायलास."