कुत्रं पाणी प्यालं का?

"आमचं हाय ते," असं मी म्हणाले आणि सगळ्या घोळाला तिथून सुरुवात झाली.

मला कुणी विचारलं नव्हतं. पोलीस पाटील आमच्या परसात उभे होते, त्यांच्यासोबत काठ्या घेतलेले दोन गडी, आणि सरकीच्या पोत्यांमागं अंग चोरून बसलेलं एक तांबूस कुत्रं. "कुणाचं हाय हे?" असं पाटील आमच्या ह्यांना विचारत होते. हे "माहीत न्हाई" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी दाराआडून बोलून गेले. सून माणसाचा आवाज असा खणखणीत बाहेर आलेला ऐकून पाटीलसुद्धा दचकले. ह्यांनी तर माझ्याकडं असं पाहिलं की पिसाळलेलं कुत्रं जसं काही मीच.

गाव आमचं पाटोद्यापासून दोन कोसांवर. पुढं किराण्याचं दुकान, मागं घर, आणि गावाबाहेर ओढ्याकडेला थोडं रान नि एक गोठा. गावात तेव्हा भीती होती, आणि ती उगीच नव्हती. आदल्या साली शेजारच्या गल्लीतला एक धडधाकट माणूस कुत्रं चावून गेला होता. तहान तहान करायचा, आणि पाण्याचा गडू समोर आणला की किंचाळायचा. त्या किंकाळ्या आम्ही घरात बसून ऐकल्या होत्या. त्या चैत्रात पुन्हा एक पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं. लोकांनी ते मारलं, पण तोवर ते गल्लीतल्या कुत्र्यांना चावत सुटलं होतं. कुणाकुणाला चावलं, देव जाणे. मग चावडीवरून हुकूम सुटला. बेवारशी कुत्रं दिसेल तिथं मारायचं. मालक असला तर त्यानं जामीन राहायचं, कुत्रं चाळीस दिवस बांधून ठेवायचं, आणि त्यात ते बिघडलं तर त्याच घटकेला वर्दी द्यायची. निजामाच्या राज्यात हुकूम उर्दूत यायचा आणि गावात काठी होऊन फिरायचा.

आमच्या परसातल्या त्या कुत्र्याच्या मागच्या पायाला जखम होती. दाताची की काठीची, ते काही कळत नव्हतं. पुढचे चाळीस दिवस त्या एवढ्याशा जखमेनं माझा जीव खाल्ला.

"जामीन कोण ऱ्हाणार?" पाटलांनी विचारलं. तेवढ्यात माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेल्या तशाच पूजेवरून उठून बाहेर आल्या. घर आमचं लिंगायतांचं. लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे, आणि आत्याबाईंना कुत्र्याची सावलीही खपत नसे.

"सुनेनं आमचं म्हणलं ना? मंग आमचंच," त्या म्हणाल्या. "मी ऱ्हाते जामीन."

पाटील गेले. मग त्या माझ्याकडं वळल्या. "चाळीस दिवस. एक्केचाळिसाव्या दिवशी ते माझ्या दारात दिसता कामा न्हाई. बघ त्याला कुठं जागा." एवढं बोलून आत गेल्या आणि त्या दिवसापासून माझ्याशी थेट बोलायच्या बंद झाल्या. मला वाटतं, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं जेवले असते.

कुत्रं आम्ही रानातल्या गोठ्यात बांधलं. गुरं एका कडेला, ते दुसऱ्या कडेला, मधे काट्यांचं कुंपण. रोज सकाळी मी शिळी भाकरी आणि पाणी घेऊन जायची. भाकरी लांबूनच टाकायची. पाण्याचं मातीचं परळ काठीनं पुढं सरकवायची, आणि श्वास धरून उभी राहायची. पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. ते उठायचं, लंगडत यायचं, मला एकदा बघायचं आणि मग लपलप पाणी प्यायचं. पाणी प्यालं की माझा दिवस सुरू व्हायचा. तोवर हातून काही होत नसे. एकदा तर पीठ मळताना मीठ दोनदा घातलं, आणि हे म्हणाले, "चाळीस दिवस आता हेच खायचं का?"

गावाला तर खेळच झाला. दुकानात मीठ घ्यायला आलेलं माणूस आधी विचारायचं, "काय, कुत्रं पाणी प्यालं का?" मग मीठ. काहीजण मायेनं विचारायचे, काहीजण चिडवायला. एक म्हातारी तर रोज सांगायची, "एकोणचाळीस दिवस पितंय अन् चाळिसाव्याला फिरतंय, मी बघितलंय." अगं बाई, बघितलंस तर बघितलंस, सांगतीस कशाला! मी आठवडी बाजारावर दिवस मोजत होते. पाच बाजार आणि वर पाच दिवस. रात्री डोळा लागला की तिची "फिरतंय" ऐकू यायची.

जागेचंही जमत नव्हतं. ज्याला विचारावं तो म्हणे, आधी जगू तर दे. शेवटी एक धनगरीण भेटली. तिची मेंढरं त्या भागात चरत होती, आणि ती तंबाखू-मिठाला दुकानात आली होती. त्यांचं कुत्रं लांडग्यानं फाडलं होतं. मी तिला दुकानातून उठवून तशीच गोठ्यावर नेली. तिनं कुंपणाबाहेरून बराच वेळ न्याहाळलं. "हाडापेरानं बरं हाय," ती म्हणाली. "वैशाखात तुमच्याच रानात मेंढरं बसवायला येणार हाव आमी. तवर जगलं तर नेते." मेंढरं बसवायची म्हणजे रान मोकळं झालं की धनगरांनी आठ-दहा दिवस तिथं मुक्काम करायचा. रानाला खत मिळतं आणि रानाचा मालक त्यांना धान्य देतो. म्हणजे जागा ठरली. आता उरलं होतं ते फक्त जगायचं.

चार बाजार सुखरूप गेले. पाचवा दोन दिवसांवर आला, आणि सुटलेल्या वासरानं कुंपणात घुसून ते मातीचं परळ तुडवून फोडलं. कुंभार लग्नाला परगावी गेलेला. घरातलं भांडं कुत्र्याला देणं तर स्वप्नातही शक्य नव्हतं. हे म्हणाले, "थांब, मी बघतो." दुकानात घासलेटाचे डबे रिकामे व्हायचे, त्यातला एक त्यांनी आडवा कापला, राखेनं चांगला घासला, हुंगला. मी हुंगला. आत्याबाईंनीही लांबून हुंगला. "निघालाय वास," तिघांचंही एकमत झालं.

दुसऱ्या सकाळी मी डबा भरून पुढं सरकवला. कुत्रं आलं. नाक लावलं, आणि एकदम मागं उडालं.

मी पुन्हा सरकवला. ते गुरगुरलं. मान फिरवून भिंतीला चिकटलं. ऊन चढत होतं, जीभ बाहेर लोंबत होती, लाळ गळत होती, आणि पाणी मात्र नको. आमचा गडी वैरण टाकत होता, त्यानं हे पाहिलं, हातातली पेंढी टाकली आणि "फिरलं! फिरलं!" करत गावाकडं पळाला. मी त्याला थांब म्हणाले नाही. खरं सांगते, मलाही वाटलं की फिरलं. मीच त्याला मरायला चौतीस दिवस जगवलं, असं मनात आलं, आणि मी तिथं खाली बसून रडले.

पाटील आले, काठ्यावाले आले, हे आले. मागून आत्याबाई आल्या. पाटील उन्हातून येणार म्हणून रिवाजाप्रमाणं त्यांनी पाण्यानं भरलेला तांब्या आणला होता. माणसं मारायला आली तरी त्यांना पाणी विचारायचंच, असं आमचं घर.

एका काठीवाल्यानं काठी उचलली आणि माझं डोकं फिरलं. मी तो डबा दोन्ही हातांनी उचलला आणि थेट पाटलांच्या तोंडासमोर धरला. "बघा तुमीच! चांगलं पाणी हाय का न्हाई? सकाळी भरलंय! काय खोट हाय यात?"

पाटलांनी नाक मुरडून तोंड मागं घेतलं. "अगं वैनी, घासलेट हाय की नुसतं!" मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "घासलेट पाजतो का बे कुत्र्याला?"

काठीवाल्यानंही हुंगलं आणि नाक धरलं. आम्ही तिघांनी पुन्हा हुंगलं. आम्हाला अजूनही वास येत नव्हता. दिवसभर घासलेट मोजणारं घर. आमच्या कपड्यांना तो वास, भाकरीच्या टोपल्याला तो वास, केसांना तो वास. आमच्या नाकांना तो कळायचाच बंद झाला होता, आणि त्या नाकांच्या भरवशावर आम्ही एक जीव पणाला लावला होता.

"ते खरं," पाटील म्हणाले, "पर घासलेटामुळं पीत न्हाई का पिसाळल्यामुळं, हे कसं कळावं? चांगलं पाणी दावा."

चांगलं पाणी एकाच ठिकाणी होतं, आत्याबाईंच्या तांब्यात. भांडं नव्हतं. मी कुंपण ओलांडलं, कुत्र्यापुढं बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. हे ओरडले, "येडी झालीस का! हाताला भेगा हायेत तुझ्या!" होत्या. चुलीपुढं सगळ्या बायकांच्या हाताला असतात. लाळ भेगेत गेली म्हणजे काय होतं, ते आदल्या सालानं दाखवलं होतं. मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. तरी मी बोटं घट्ट जुळवली.

आत्याबाई काट्यांपर्यंत आल्या. मग हात लांब करून, शिवाशिव होऊ नये म्हणून आम्ही वरून घालतो तसं, त्यांनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं.

कुत्र्यानं माझ्याकडं पाहिलं. पाण्याकडं पाहिलं. आणि प्यालं. ओंजळ संपली, आत्याबाईंनी पुन्हा घातली, पुन्हा प्यालं. तांब्या रिकामा झाला तरी ते माझे तळवे चाटत राहिलं. पाटील तहानलेले ते तहानलेलेच परत गेले.

"तिला म्हणावं हात राखेनं धू," आत्याबाई ह्यांना म्हणाल्या. माझ्याशी त्या अजून थेट बोलत नव्हत्या, पण वाट मात्र माझ्यासोबत चालल्या.

चाळीस दिवस भरले. कुत्रं जगलं, जखम भरली, आणि वैशाखात मेंढरं आमच्या रानात येऊन बसली. धनगरीण कुत्रं न्यायला गोठ्यात आली. तिनं दावं हातात घेतलं. मी कुत्र्याशी बोलायला पुढं झाले, तर तिनं मला हातानं अडवलं.

"आक्का, आता तुमी बोलू नका त्याच्यासंगं. आठ-दहा दिवस तुमचा आवाज बी त्याच्या कानी पडू देऊ नका. न्हाई तर आमी इथून हाललो की ते दावं तोडून तुमच्या दारात येईल."

"आलं तर आलं," मी म्हणाले.

"वाटंत एकटं गावलं तर?" ती म्हणाली. "तुमच्या गावच्या काठ्या अजून वल्याच हायेत."

हुकूम अजून उठला नव्हता.

मी रानाकडं फिरकले नाही. घरातून कान लावायची. पहिले दोन दिवस ओढ्याकडून कुत्र्याचं रडणं यायचं, आणि मी दुकानातल्या पोत्यांवर हात आपटत उगीच कुणालातरी बोलायची. मग रडणं थांबलं. थांबल्यावर तर जास्तच जीव उडाला. मेलं का? फिरलं का? त्या म्हातारीचं "फिरतंय" पुन्हा कानात घुमायला लागलं.

आठव्या दिवशी आत्याबाईंनी ज्वारीची पाटी माझ्यापुढं ठेवली. "धनगरांचं धान्य पोचवून ये." गडी रिकामा असताना मलाच का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

मी बांधावर पोहोचते न पोहोचते तोच ते सुटलं. तांबूस, कान मागं पडलेले, दात उघडे, थेट माझ्यावर. फिरलं! हेच पहिलं मनात आलं. पण ते दहा पावलांवर थांबलं, आणि तिथून भुंकत राहिलं. मी उजवीकडं सरकले, ते उजवीकडं सरकलं. तेव्हा मला दिसलं की त्याच्या मागं कोकरांचं खांड बसलंय. ते मला कोकरांकडं जाऊ देत नव्हतं.

माझा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, वारं माझ्याकडं वाहत होतं. त्याला मी ओळखू आले नव्हते. एक शब्द काढला असता, नुसतं "अरे" म्हटलं असतं, तर ते शेपूट हलवत येऊन माझे हात चाटलं असतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. मी पदराचा बोळा तोंडात धरला. पाटी बांधावर ठेवली. ते भुंकतच होतं. धनगरीण लांबून हात हलवत होती, हसत होती.

मी पाठ फिरवून चालायला लागले. पार ओढा ओलांडेपर्यंत ते माझ्यावर भुंकत होतं.

घरी आले तर आत्याबाई दारातच बसलेल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनीच विचारलं, "काय गं, कसं हाय?"

"भुंकलं माझ्यावर," मी म्हणाले. "लई भुंकलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मला रडू आलं तेव्हा बाजूला सरकून उंबऱ्यावर जागा करून दिली.