अमरकंदाची जागा

कृष्णाजी मूळचे खानापूरचे. कन्नड मुलखातल्या येलहंका जंक्शनवर एकतीस वर्षं सिग्नलच्या कामात होते. एप्रिलमध्ये रुळांच्या कडेच्या झाडीत त्यांना बारीक रानफुलं दिसायची, पण ड्यूटीवर थांबून बघायची सोय नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि फुलांच्या मागे लागले. ओळखीचे सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

मी पुण्याची, सॉफ्टवेअरमधल्या नोकरीसाठी त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला राहते. मराठी मंडळाच्या गणपतीत जिन्याजवळ अण्णांचे बारा फोटो लावले होते. त्यातल्या एकासमोर मी जेवणाची रांग सोडून उभी राहिले. पान नसलेला एकच दांडा आणि त्यावर हिरवट-जांभळी फुलं.

"अमरकंद," मागून अण्णा म्हणाले. "कंद वर्षभर मातीत झोपलेला असतो. वळीव पडला की पानाच्या आधी फूल वर येतं. पंधरा दिवस दिसतं, मग शोधून सापडत नाही."

"मला दाखवाल?"

ते फोटोची तिरकी झालेली चौकट सरळ करायला लागले. त्यांच्या बायकोनं, गोजराबाईंनी, मध्ये तोंड घातलं. "न्या की हो. एवढं विचारतीय पोरगी."

एप्रिलमध्ये त्यांनी मला नेलं, पण एका अटीवर. जागा कुणाला सांगायची नाही.

येलहंक्याच्या पलीकडे सागाच्या आणि बाभळीच्या विरळ रानात अण्णा गोणपाट अंथरून पालथे झोपले. कॅमेरा हलू नये म्हणून खाली नाचणी भरलेली पिशवी ठेवली. फुलाच्या आड येणारं गवत त्यांनी उपटलं नाही. कपड्यांच्या चिमट्यानं बाजूला धरलं आणि फोटो झाल्यावर सोडून दिलं. एका फुलासाठी पाऊण तास गेला. मी पुढं सरकले तर कन्नडच्या सवयीनं म्हणाले, "स्वल्प थांब. तुझ्या पायाजवळ कोंब आहे." त्या रानात आम्ही एक्केचाळीस दांडे मोजले.

निघताना मी मोबाइलवर एक फोटो काढला. घरी आल्यावर तो निसर्गप्रेमींच्या एका ग्रुपवर मूळ फाइल म्हणूनच टाकला. जागेचं नाव लिहिलं नाही, त्यामुळे शब्द पाळला असंच मला वाटलं. फोटोच्या फाइलमध्ये जागेची खूण आपोआप साठलेली असते, हे माझ्यासारखीला माहीत असायला हवं होतं.

दहा दिवसांनी गोजराबाईंचा फोन आला. "अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तू ये."

मी गेले. अण्णा अंगणात बसले होते. त्यांच्या नखांत माती होती. रविवारी गाड्या भरून माणसं आली होती, फुलांजवळ बसून फोटो काढून गेली होती. त्यांच्या मागोमाग कुणीतरी कुदळ घेऊन आलं. या कंदाला ताकदीचं औषध म्हणून गिऱ्हाईक असतं. रानात नुसते खड्डे राहिले होते, आणि अण्णांनी ते एकट्यानं हातानं बुजवले होते.

मी सगळं सांगितलं. ग्रुप, फोटो, जागेची खूण. ते नखांतली माती काढत राहिले.

"सरी, बरं," शेवटी ते म्हणाले. "आता जा तू. परत येऊ नकोस."

गोजराबाई फाटकापर्यंत आल्या आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

पुढच्या एप्रिलमध्ये पहिला वळीव झाल्यावर मी एकटीच त्या रानात गेले. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. अण्णा आधीच तिथं होते. कॅमेरा नव्हता. बाभळीच्या फांद्या तोडून ते बुजवलेल्या जागेभोवती रचत होते. मला बघून ते पुढची फांदी तोडायला वळले. मी दुसऱ्या टोकाकडून फांद्या ओढायला लागले. हात रक्ताळले. दुपारी त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

त्या वर्षी काहीच उगवलं नाही. तरी आम्ही दर रविवारी जाऊन बसायचो. कुणी आलं तर अण्णा कन्नडमध्ये दोन शब्द बोलून त्याला परत पाठवायचे. दुसऱ्या वर्षी चार दांडे आले. अण्णा गुडघ्यावर बसून बघत राहिले. फोटोचा विषय दोघांनीही काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात ते घरातच घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन ते फक्त अंगणापर्यंत येतात. या एप्रिलमध्ये मी एकटी गेले आणि तिथून थेट त्यांच्या घरी आले.

"नऊ आहेत, अण्णा."

"नऊ." त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "फोटो काढलास?"

"नाही. कसा काढीन?"

"मग मी बघू कसं?" त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. गोजराबाईंनी उठून कपाटातून कॅमेरा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून रानात जाऊन आले. काढलेला फोटो थोडा हललेला होता. अण्णांनी चष्मा लावून तो मोठा करून घेतला आणि बोट दांड्यावरच्या सगळ्यात खालच्या फुलाला टेकवलं.

"हे फूल सुकलंय बघ. मागचा देठ फुगलाय. बी धरलंय."

मला त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं.

"शेंग तडकली की बी वाऱ्यानं पसरतं. त्याला अजून वेळ आहे," ते म्हणाले, आणि वनखात्याच्या गार्डला, रंगप्पाला, फोन लावायला सांगितलं. पावसाळा लागेपर्यंत तिथलं गवत कुणी कापू नये, एवढंच ते त्याला तीन-तीनदा बजावत राहिले.