भिवातात्यांची मुळी

दुपारी पाठ टेकते, डोळा लागतो न लागतो तोच ओसरीवर खोकला ऐकू येतो. हा खोकला माझ्या चुलत्यांचा, भिवातात्यांचा. तात्यांना जाऊन वर्ष झालंय, हे मला झोपेतही ठाऊक आहे. तरी मी आधी विचारते ते मुळीचंच.

विंचू चावला की अख्खी वाडी तात्यांकडे धावायची. ते एकटेच माळावर जायचे, वाटेत कुणाशी न बोलता मुळी उपटून आणायचे, उगाळून लावायचे. झाडाचं नाव घेतलं की गुण जातो म्हणून नाव कधी सांगितलं नाही, आणि तसेच गेले. परवा शेजारच्या रखमाला विंचू चावला. जीपमधून दवाखान्यात नेली, वाचली. पण वाटभर ती विव्हळत होती आणि तिची सासू माझ्याकडे बघत होती. तात्यांची लाडकी पुतणी मी, आणि मला साधं झाड माहीत नाही. फार लाज वाटली.

"दवाखान्यात न्यायचंच," तात्या म्हणतात. "मुळी आपली वाटंपुरती."

"पण कशाची?"

ते चालू लागतात. ओसरीची पायरी उतरते तर खाली माळ आहे, माळावर आमचीच चूल पेटलेली आणि चुलीपुढे माझं ताट वाढलेलं. भूक लागते. मी बसते. पहिला घास उचलते तर तात्या समोर उभे.

"म्हणून तुला सांगितलं न्हाई, वने. ज्याला मुळी ठावी, त्यानं हाक आली की भरल्या ताटावरनं उठायचं. तू उठशील व्हय?"

घराला आग लागली तरी वनी ताक पिऊनच उठेल, असं तेच सगळ्यांना सांगत फिरायचे. मला राग येतो, पण त्याहून जास्त उत्सुकता. घास ताटात ठेवते आणि उठते.

कमरेएवढ्या गवतात तात्या पुढे, मी मागे. ते बोलत नाहीत, मीही नाही. घोट्याला काहीतरी ओरबाडतं.

डोळे उघडते. ऊन अजून ओसरीवरच आहे. आज मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, तरी साडीच्या काठाला बारीक काटेरी बिया चिकटल्यात. हे झाड मी ओळखते. गणपतीच्या पत्रीसाठी दरवर्षी मीच खुडते ते.

नाव तुम्हालाही सांगणार नाही. मी आत जाते आणि माझा जेवायचा पाट दाराकडे तोंड करून ठेवते.