भट्टीत भरीत भाजणारी बाई

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी खऱ्या मानल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. राजापूरकडच्या आमच्या गावात दर दोन घरांमागे एकाला काहीतरी दिसायचं... मला साधी सावलीसुद्धा कधी दिसली नाही. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मी रागावणार नाही. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्याव्यात.

लढाईच्या दिवसांत मी धुळ्याला एका ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर लागलो. इतक्या लांब माझं ओळखीचं कुणी नव्हतं. दगडूआबा मिस्त्रींनी कामावर घेतलं, राहायला मागची खोली दिली — ते उपकार मी विसरणार नाही. पण धास्ती कायम. आज ठेवलंय, उद्या काढतील. गावी आईला मात्र कळवून बसलो होतो की मी आता कायम झालो, आणि तिनं ते गावभर सांगितलं होतं.

आमची भट्टी म्हणजे माणसापेक्षा उंच असं उभं लोखंडी पिंप. तळाला कोक पेटवायचा, मग वरून लोखंडाचा थर, कोकचा थर, थोडी चुनखडी, असं भरत जायचं. कोक म्हणजे हवा न लागू देता भाजलेला दगडी कोळसा. धूर आधीच निघून गेलेला, म्हणून आच जबरदस्त. आणि अंगात ताकद — वर एवढं लोखंड असलं तरी चुरा होत नाही, मधून वारा खेळता राहतो. तो झरियाहून वॅगननं यायचा, भुसावळ, चाळीसगाव करत. पण लढाईमुळे चांगला माल मोठ्या कारखान्यांकडे जाई. आमच्या वाट्याला आला तो मऊ, घरच्या शेगडीत घालतात तसला. हातात दाबला तरी कोपरे झडायचे.

आणि नेमकं त्याच कोकवर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचं मोठं दातेरी चाक ओतायचं होतं. कापसाचा हंगाम, जिन बंद, फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग. आबांनी मला बजावलं, की लोखंड आत गोठलं तर चाक जाईलच, भट्टीही फोडावी लागेल, "आणि तू गावी मासे खायला मोकळा." सगळे हसले. मीही हसलो... मनात आईला लिहायच्या पत्राची जुळवाजुळव करत.

दुपारी तळाचं भोक फोडलं. लोखंड आलं ते लाल, जाड, लापशीसारखं. आबांचा चेहराच उतरला. त्यांनी भोक पुन्हा मातीनं बुजवलं आणि आत कोक कसा जळतोय ते मला बघायला सांगितलं. वारा आत नेणाऱ्या नळ्या भट्टीला चहूबाजूंनी असतात. पुढच्या नळीवर निळी काच होती, तिला डोळा लावला की आतलं दिसतं.

मी डोळा लावला.

आत कोक नव्हताच. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ होता, आणि जाळाच्या पलीकडे एक म्हातारी पांढरट हिरवी मोठाली वांगी भाजत बसली होती. काच निळी, तरी तिचं लुगडं मला लालच दिसत होतं! तिनं फुंकणी तोंडाला लावली, गाल फुगवून फुंकलं... जाळ वाढेना. तिनं फुंकणीच्या मागच्या टोकात काडी घातली, खरवडलं, राख झाडली आणि पुन्हा फुंकलं. भडका उडाला. मग तिनं थेट माझ्याकडे पाहिलं. दारात उगाच घुटमळणाऱ्या पोराकडे बघावं तसं. आणि हातातली काडी मागच्या बाजूला दाखवली.

मी डोळे चोळले. आत नेहमीचा पांढरा कोक.

सळई घेऊन मी भिंतीकडून भट्टीच्या मागे शिरलो. तिथल्या नळ्या कोकच्या चुऱ्यानं आणि मळीनं गच्च बुजल्या होत्या. एकेक फोडत गेलो, तसा वारा फुंकणाऱ्या ब्लोअरचा आवाज मोकळा झाला. नंतर लोखंड आलं ते दुधासारखं! चाक एका दमात भरलं. आबांनी पाठीवर अशी थाप मारली की मी खोकलो. कसं सुचलं म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, असंच.

पुढच्या सुट्टीला आबा मला शिरपूरजवळ त्यांच्या थोरल्या बहिणीकडे भरीत खायला घेऊन गेले. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि मला बघून उंबऱ्यातच थांबल्या. लाल लुगडं. मी तर बसायचंच विसरलो.

"दगडू, हाऊच तो. मन्ही चूलमाईन देखी ऱ्हायंता."

माझ्या चुलीतून हाच बघत होता, म्हणे. मग मला विचारलं, "वितळनं का रे तुन्हं लोखंड?"

चाकाचं आबांनी त्यांना कळवलं नव्हतं. काचेतल्या बाईचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अक्का मजेत सांगत होत्या, की जाळात काळ्या तोंडाचा, रडायच्या बेतात आलेला माणूस दिसला, आधी वाटलं वांगंच फुटलं. मग मीही सगळं ओकलो. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, अक्काला येणारा प्रत्येक पाहुणा आधी कुठंतरी दिसलेलाच असतो.

अक्कांनी तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्या ताटात भरीत वाढता वाढता त्या भावाला म्हणाल्या, "याले गावले धाडू नको. आठेच ऱ्हाऊ दे."

आबांचं हसू थांबलं. मला कामावरून काढायचं बोलणं त्यांनी अक्कांकडे कधी केलंच नव्हतं. भाकरी मोडत ते म्हणाले, "कोण धाडतंय याला? खाऊ दे निवांत."

मी निवांत खाल्लं. धुळ्यात आल्यापासून पहिल्यांदाच.

आज मी त्याच भट्टीवर आहे. लोक म्हणतात, आच डोक्यात गेली असेल, कोकचा वायू चढला असेल. असेलही. पण वायू मला चढला धुळ्यात. शिरपूरला अक्कांच्या चुलीत तर नुसत्या पऱ्हाट्या होत्या... मला याचा उलगडा झालेला नाही, आणि काचेत पुन्हा कधी कोकशिवाय काही दिसलेलं नाही.

एक मात्र आहे. सगळ्यात जास्त हसणारे आबा हल्ली भोक फोडायच्या आधी स्वतः काचेपाशी येतात. टोपी सारखी करतात, डोळा लावतात आणि बराच वेळ तसेच उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, कोक बघतोय.