अरबी समुद्रातले रोडगे

समुद्र पाहायला जाताना सोबत गोवऱ्यांचं पोतं न्यावं लागतं, हे मला मायनं सांगितलं.

हल्ली लोक नारळीची झाडं आणि निळं पाणी बघायला हौसेनं जातात, वाळूत आडवे पडून फोटो काढतात. आम्हीही गेलो होतो. मी आणि माझा जिवलग दोस्त गफूर. गफूर धाड गावचा. तिथं त्याच्या अब्बांचं मिरचीचं दुकान होतं. पैनगंगेच्या डोहात पोहायला शिकल्यामुळे जगातलं कुठलंही पाणी आपल्याला नावानिशी ओळखतं, अशी त्याची समजूत. माझी समजूत याहून मोठी होती. मी मॅट्रिक पास होतो ना!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि राज्य एक झाल्याचा पुरावा म्हणून सरकारनं आमच्या दाजींची मेहकरहून थेट कोकणात बदली केली. दाजी म्हणजे माझ्या अक्काचा नवरा, कचेरीत कारकून. अक्का गेली सोबत. पुढं तिला दिवस गेले आणि डोहाळा लागला तो कशाचा? अंगणात फणस लटकतोय, दारात आंबा पडतोय, आणि बाईला हवेत रोडगे!

ज्यांना रोडगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी (बिचारे!) सांगतो. जाडसर दळलेल्या गव्हाचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, मग गरम राखेत पुरून ठेवायचे. राख झाडायची, गोळा फोडायचा, तुपात बुडवायचा आणि वरण-वांग्यासोबत हाणायचा. त्यानंतर माणूस संध्याकाळपर्यंत कामाचा राहत नाही.

दाजी एका लग्नाला आमच्या गावी, उंद्रीला, आले तेव्हा त्यांनी ही डोहाळ्याची खबर दिली आणि ते लगेच परतले. मायनं त्याच दिवशी माझं सामान बांधलं.

"डोहाळा पुरा नाही केला त लेकराची लाळ गळते जलमभर!" माय म्हणाली. "तू जाय अन् पोरीले रोडगे खाऊ घालून ये."

"माय, पीठ नेतो. पन ह्या गोवऱ्या काऊन?"

"मंग कायच्यावर भाजशीन? थ्या पावसाळी मुलखातल्या गोवरीले आच राह्यते का? नुसता धूर निघीन!"

"तिकडच्याबी गाईच हायेत, माय."

"जातं का सांगू तुह्या बाले?"

मी गेलो. गफूरला सांगितलं की समुद्र पाहायला चाललो. पोत्याचं त्याला एस.टी. स्टँडवर कळलं, तोवर त्याचं तिकीट निघालं होतं.

पुढच्या प्रवासाबद्दल मी फारसं बोलणार नाही. प्रत्येक गाडीत नवा कंडक्टर आणि प्रत्येक कंडक्टरचा तोच प्रश्न.

"पोत्यात काय आहे?"

"गोवऱ्या."

"गोवऱ्या? कशाला?"

"डोहाळा हाय."

कंडक्टरनं आधी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग गफूरला. "कोणाला?"

घाट लागला तेव्हा गफूर खिडकीबाहेर तोंड काढून बसला, तो घाट संपेपर्यंत आत आलाच नाही. मधूनमधून तेवढा "या अल्ला" ऐकू यायचा, त्यावरून जिवंत आहे हे समजायचं. मी शहाणा. मी खिडकीऐवजी पोत्यावर डोकं टेकलं आणि उतरलो तेव्हा माझ्या अंगाला गोठ्याचा वास येत होता.

अक्का दारातच उभी होती. आम्हाला पाहून ती रडली नाही. तिनं पोत्याचं तोंड सोडलं, एक गोवरी काढून नाकाशी धरली आणि घळाघळा रडायला लागली.

"आपल्या गोठ्यातली हाय ना रे?"

"आपल्याच."

"मायनं थापली?"

"हाव. बोटं उमटली पाह्य."

खरं सांगतो, मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. पोरगी किती लांब येऊन पडली होती! तिथं पोळीला चपाती म्हणायचे, सकाळ-संध्याकाळ भात खायचे, आणि तिचं बोलणं ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या. मी छाती पुढं काढून म्हणालो, "अक्का, उद्या असे रोडगे खाऊ घालतो का सारं गाव बोटं चाटीन!"

नुसतं अक्कालाच घालायचं कबूल केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तेवढ्यावर थांबलो तर मी कसला! घरमालकीण काकूंना आमंत्रण दिलं. काकूंच्या जावेला दिलं. कुंपणाशी उगाच उभ्या असलेल्या शेजारणींनाही दिलं. गफूरनं वाटेवरच्या एका म्हाताऱ्याला दिलं. त्याला ऐकूही येत नव्हतं, तरी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

सकाळी मी काकूंच्या अंगणात गोवऱ्या रचायला घेतल्या, तर काकू झाडू घेऊनच बाहेर आल्या.

"मेल्या, वर झावळ्यांचा मांडव दिसतोय ना? घर पेटवतोस की काय माझं? तो गोंधळ पुळणीवर घाला जाऊन!"

पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. वाळू! माझे डोळे चमकले. आमच्याकडे रोडग्यांचा बेत नदीतच होतो. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की भर वाळूत आर लावायचा, शेजारी पंगत बसवायची. नदी एकदा आटली की मृगापर्यंत तोंड दाखवत नाही. आणि आम्ही पुळणीवर पोचलो तर काय, समुद्रही आटलेला! पाणी पार लांब गेलं होतं. वरच्या अंगाला वाळू भुसभुशीत, तीत काटेरी वेल आणि सुकत घातलेली मासळी. खालची वाळू मात्र ओलसर, टणक, सारवल्यासारखी सपाट.

"वाहवा!" गफूर म्हणाला. "पंगतीसाठीच बनवून ठेवली बे ऊपरवाल्यानं!"

मी मॅट्रिक पास असल्यामुळे खात्री करून घ्यायला दाजींकडे वळलो. "दाजी, पानी कवा येते वापस?"

दाजींनी कारकुनी गांभीर्यानं समुद्राकडे पाहिलं. "संध्याकाळी. मी रोज पाह्यतो ना, हापिस सुटल्यावर."

झालं! हापिस सुटल्यावर जे दिसतं तेच जगात घडतं, हा सरकारी माणसाचा अनुभव. दाजी वरण-भाजीची भांडी आणायला घरी गेले. आम्ही पार खाली जाऊन आर लावला. गोवऱ्या अशा पेटल्या की मायला दाखवाव्यात! रोडगे भाजले, गरम राखेत पुरले, वरून आणखी राख ओढली. आता ते आतल्या आत मुरेपर्यंत काही काम नव्हतं. आम्ही वर सुरूच्या झाडाखाली आडवे झालो. वारा असा गार की डोळा कधी लागला कळलंच नाही.

जाग आली ती चर्रर्र आवाजानं.

पाहतो तर समुद्र आमच्या चुलीशी आलेला! एक लाट राखेच्या कडेला शिवली, फस्सकन वाफ उठली आणि लाट मागं गेली. मी ओरडलो, "गफूऱ्या! ऊठ बे! समुद्र आला!"

"येऊ दे ना," गफूर झोपेतच म्हणाला. "त्याचंच गाव हाय."

"रोडगे चालले बे!"

मग मात्र तो उठला. मी शेतकऱ्याचा पोरगा. पाटाचं पाणी फुटलं की काय करायचं हे मला बाळपणापासून ठाऊक. मी धावत खाली गेलो, दोन्ही हातांनी वाळू ओढली आणि अरबी समुद्राला बांध घालायला लागलो! पहिली लाट बांधावर आली आणि बांध सोबत घेऊन गेली. मी दुसरा घातला. गफूर ओरडत होता, "उंच कर! उंच कर!" मी उंच केला. दुसरी लाट माझ्या डोक्यावरून आली. बांध गेला, टोपी गेली आणि राखेच्या जागी काळं पाणी गरगरायला लागलं.

"आता पोहतो मी!" पैनगंगेचा पठ्ठ्या गरजला आणि सदरा फेकून त्यानं सूर मारला. पाणी गुडघाभर होतं. गफूरचं डोकं वाळूत आणि पाय वर! त्याला ओढून काढतोय तोवर रोडगे पायांत घरंगळायला लागले. कुठं कुठं पकडणार? एक धरला की दोन निसटायचे. मी सदरा काढून त्याची झोळी केली. गफूर बुडी मारायचा, रोडगा वर धरून "हे एक!" म्हणून ओरडायचा आणि पुढच्या लाटेत तो घालवून यायचा.

आणि अशा मंगल वेळी वरून वरात आली! पुढं काकू, मागं जाऊ, शेजारणी, तो म्हातारा, डोक्यावर वरणाचं भगुणं घेतलेले दाजी आणि सगळ्यांत मागं हळूहळू चालणारी अक्का.

"अगो बाई," काकू म्हणाल्या, "हे उघडे कोण नाचतायत पाण्यात?"

"माहे भाऊ हायेत," अक्का बारीक आवाजात म्हणाली.

"पण चूल कुठं मांडली होतीत?"

गफूरनं समुद्राकडे बोट दाखवलं. काकू मटकन वाळूत बसल्या आणि हसायला लागल्या, त्या थांबेचनात. "ओहोटीत चूल! ओहोटीत!" जावेला उचकी लागली. म्हाताऱ्याला कोणीतरी कानात ओरडून सांगितलं, मग तोही हसला. दाजी म्हणाले, "आज लवकर कसा काय आला बुवा!" जणू समुद्रानं रजेचा अर्ज द्यायला हवा होता.

मी हसणाऱ्यांकडे बघतच नव्हतो. मी अक्काकडे बघत होतो. तिचा चेहरा एवढासा झाला होता. इतक्या लांबून पोतं वाहून आणलं आणि एका डुलकीपायी तिच्या तोंडचा घास घालवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (तसं अंगभर खारं पाणीच होतं, म्हणून कोणाला कळलं नाही.)

अक्का जवळ आली. झोळीत हात घालून तिनं एक रोडगा काढला. राख झाडायची गरज नव्हती, ती समुद्रानं धुऊन काढली होती. तिनं तो फोडला. बाहेरून भिजलेला, पण आत पांढरा, वाफाळता. दाजींनी तूप ओतलं. अक्कानं घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग खाली बसली आणि अख्खा संपवूनच वर पाहिलं.

"अक्का, कसा झाला वं?" मी भीत भीत विचारलं.

"काय सांगू रे गजा! मायच्या हातचाबी असा होत नाही. मीठ त कसं बेताचं पडलं पाह्य!"

गफूरनं माझ्याकडे पाहिलं. मी गफूरकडे.

"गज्या," तो कानाशी पुटपुटला, "पिठात मीठ कोनं टाकलं बे?"

"तू ना?"

"मी? मले वाटलं तू!"

अक्कानं आणखी एक मागून घेतला. उरलेले काकूंच्या मंडळींनी वाळू कचकचा चावत संपवले आणि वर "वऱ्हाडी पदार्थ जरा खरखरीत असतो हो" असा अभिप्राय दिला.

भाचा झाला. लाळ अजिबात गळाली नाही. पण अक्कानं माहेरी येऊन सांगून ठेवलं की रोडगे करावे तर गजानंच. तेव्हापासून उंद्रीत कुठंही रोडग्यांचा बेत असला की मला मानानं बोलावतात. मी मीठ मोजून, दोनदा चाखून टाकतो, जिवाच्या आकांतानं भाजतो, आणि पहिला घास घेतला की लोक एकमेकांकडे बघतात, "हेच का थे रोडगे?" आता त्यांना काय सांगू? राबणारा मी होतो, पण आचारी निराळाच होता आणि तो कोकण सोडून यायला तयार नाही.