कोयपाची चव

आमच्या गावाखालून 'ची' नावाची नदी वाहते. पावसाळा उतरला की तिचं पाणी भाताच्या खाचरांतून मागे सरतं आणि जाता जाता खड्ड्याखड्ड्यांत बोटभर लांबीचे, चांदीसारखे मासे ठेवून जातं. ते धरावेत आमच्या माणसांनी, आणि त्यांचा कोयपा करावा तर खामपायने. ही नुसती गावाची बढाई नव्हे. नदीपलीकडचे लोक लग्नाला बोलवायचे तेव्हा नवरदेवाच्या आधी खामपाय येणार का, ते विचारायचे.

कोयपा म्हणजे कच्चा मासा. खवले काढून तो काट्यासकट बारीक तोडायचा, वर लिंबू पिळायचं, मग भाजलेल्या तांदळाची पूड, मिरची, पुदिना आणि आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या. लिंबू पडलं की मांस पांढरं होत जातं.

"झाला शिजून," खामपाय म्हणायचा. "चूल बायकांना लागते. आपली चूल लिंबात."

मग तो बोट बुडवून चव बघायचा, डोळे मिटायचा, चिमूटभर मीठ टाकायचा आणि पुन्हा चव बघायचा. न चाखता कोयपा वाढणारा आणि न बघता मुलगी देणारा, दोघेही त्याच्या लेखी गाढव.

त्याची बायको ओन्सा मात्र आपल्या वाटणीचे मासे केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायची.

"हिचा मासा दोनदा मरतो," तो सगळ्यांदेखत म्हणायचा.

"मेलेलाच बरा. तुमच्यासारखा पोटात जिवंत नाही ठेवायचा मला."

आरोग्य केंद्रातली नर्स दरवर्षी सांगून जायची. या माशांत डोळ्याला न दिसणारे जंत असतात, ते माणसाच्या पित्ताच्या नळीत जाऊन पानासारखे चिकटून बसतात, लिंबाने मरत नाहीत, दारूनेही मरत नाहीत. सांगून झालं की ती गोळी द्यायची. खामपाय गोळी घ्यायला सगळ्यांत पुढे.

"गोळी म्हणजे केरसुणी," तो म्हणायचा. "घर झाडलं म्हणून कोणी घरात राहायचं सोडतं का?"

आणि त्याच संध्याकाळी मासे तोडायला बसायचा. त्याचं काय घेऊन बसलात, सगळा गाव असाच वागायचा. गोळी होती म्हणूनच तर आम्ही निर्धास्त होतो.

खामपायला दुखणं आलं तेही चारचौघांच्या दुखण्यासारखंच. जेवल्यावर पोट फुगायचं, करपट ढेकर यायचे, उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. चिकट भात खाणाऱ्या माणसाला यात नवल काय? दुकानातलं पांढरं पातळ औषध झालं, हळद झाली, केंद्रातल्या आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच. मग अंगाला खाज सुटली. एका सकाळी तो उन्हात बसून बांबूची मासेकोंडी विणत होता. ओन्सा पाणी घेऊन आली, त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली, आणि तांब्या तसाच परत घेऊन गेली. डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं होतं.

त्या हंगामात देवळाच्या आवारात सोनोग्राफीची गाडी आली होती. बरोबर एक तरुण डॉक्टरीणबाई.

"काका, दुखतं कधी? उपाशीपोटी की जेवल्यावर?"

"दुखत नाही हो. म्हातारपण बसलंय तिथे, ते जड लागतं."

"लघवीचा रंग कसा आहे?"

खामपायने मागे बघितलं. सगळी रांग कान देऊन उभी होती. "असतो तसाच."

"कडक चहासारखा," ओन्सा मागून म्हणाली. "आणि परसाकडला चिकणमातीसारखं पांढुरकं होतं. सांगा की! आता कसली लाज?"

"तपासणी ही करतेय की तुम्ही?"

"दोघी करतोय, काका," डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. आम्लपित्त, जठरातला व्रण, पित्ताचे खडे, जंत, सगळ्यांचं रडगाणं सुरुवातीला एकच असतं. कुठे दुखतं, कधी दुखतं, रंग कोणता, यावरून वेगळं करायचं, आणि तरीही आत डोकावावंच लागतं.

बाकीच्यांच्या पोटांवरून त्यांचा हात झरझर फिरला होता. खामपायच्या बरगडीखाली तो थांबला. पुढे गेला, परत आला, तिथेच दाबून राहिला.

खामपायच्या मागे त्याचा एकुलता मुलगा प्रायून उभा होता. लग्नाचा, बापासारखाच रुंद हातांचा. त्याच्या शौचाच्या नमुन्यात जंतांची अंडी सापडली होती. बाईंनी त्याला गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "आत असलेले जंत या मारतील. नव्यांना अडवणार नाहीत, आणि झालेली जखमही भरून काढणार नाहीत. पुन्हा कच्चं खाऊ नकोस." प्रायून हो म्हणाला. आम्ही सगळेच हो म्हणायचो.

शहरात मोठ्या यंत्रातून बघितलं. तोंडावाटे नळी घालून पित्ताची तुंबलेली वाट मोकळी केली. पिवळेपणा उतरला, पण जंतांनी जखमी केलेल्या नळीला धरलेली कर्करोगाची गाठ यकृतात पसरली होती. कापायची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी खामपायला घरी पाठवलं. त्या दिवसापासून ओन्साचं लक्ष दोनच गोष्टींवर होतं, नवऱ्याच्या श्वासावर आणि मुलाच्या ताटावर.

"त्याला तुम्ही सांगा," ती खामपायला म्हणायची. "माझं नाही ऐकायचा तो."

खामपाय भिंतीकडे तोंड करायचा. शेवटी शेवटी त्याला भाताची पेजही उतरेना. "तोंडाला चव नाही," तो म्हणायचा. "एक घास कोयपा दे." ओन्साने दिला नाही. तो गेला.

मृत्यू झालेल्या घराला आमच्यात चांगलं घर म्हणतात. माणसं येतात, पत्ते खेळतात, हसतात, घराला एकटं पडू देत नाहीत. शवपेटीजवळ गेलेल्याच्या आवडीचं ताट ठेवायचं, पेटीवर टकटक करायची आणि जेवायला बोलवायचं.

"दादा मागत मागत गेला, वहिनी," खामपायचा धाकटा भाऊ तोंगदाम म्हणाला. "आता तरी द्या. प्रायूनच्या हातचा द्या."

"देते. शिजवून देते."

"मेल्यावर त्याला बायकी जेवण? उठून बसेल तो!"

माणसं हसली. ओन्सा पेटीकडे बघत राहिली. गेलेल्याला आता कशाने काय होणार होतं?

"कर," ती मुलाला म्हणाली. "पण त्यांच्यापुरताच. एका ताटाचा."

प्रायून ओट्याशी बसला. सुरी तशीच पडू लागली, बापाच्या लयीत, टक टक टक. लिंबू पडलं, मांस पांढरं झालं. ओन्सा त्याच्या डोक्याशी उभीच होती. पूड पडली, पुदिना पडला. आणि मग बोट.

"प्रायून!"

बोट तोंडात गेलं होतं. त्याने डोळे मिटले होते.

"मीठ कमी होतं, आई," तो म्हणाला. चिमूटभर मीठ टाकलं, आणि पुन्हा चव बघितली.

ओन्साने ताट उचललं. पेटीपाशी बसली, बोटाच्या पेराने लाकडावर वाजवलं.

"उठा," ती म्हणाली. "जेवून घ्या. पोराने केलंय." मग ताट पेटीच्या आणखी जवळ सरकवलं. "मीठ बरोबर आहे म्हणतो."