अर्धं चिखलाचं

माझ्या माहेरी, रामाकोन्याला, आमच्या शेताच्या खालच्या अंगाला, नाल्यालगत, एक पाणथळ तुकडा होता. बैल घातला तर पोटापर्यंत रुतायचा, म्हणून तिथं कधी नांगर गेला नाही. आणि म्हणूनच तिथं देवभात उगवायचा, कोणी न पेरता. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, त्या दिवशी आमच्याकडच्या बायकांना हाच भात लागतो. आजूबाजूच्या अशा जागा लोकांनी माझ्या लहानपणीच सुकवून संत्री लावली होती. उरली होती ती एवढीच, आणि ती राखली होती माझ्या आत्यानं.

आत्या विधवा, आमच्याच घरी राहायची. दसऱ्याच्या आसपास ती गुडघाभर चिखलात उभी राहून लोंबी सुपावर वाकवायची आणि हलकेच टिचक्या मारायची. विळा आणू द्यायची नाही. निम्मे दाणे सुपात, निम्मे खाली. मी खालचे वेचायला गेले की हातावर चापट बसायची. "अर्धं आपलं, अर्धं चिखलाचं," एवढंच म्हणायची. खाली पडलेल्यातूनच पुढच्या साली भात उगवायचा.

लग्न होऊन मी पांढुर्ण्याला आले. वडील गेल्यावर, एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका साली, सौंसरच्या तहसिलीत मी जमिनीवरचा हक्क धाकट्या भावाच्या नावे सोडला. अट एकच होती. तो तुकडा आहे तसा राहू द्यायचा. भावानं माझ्या पायाला हात लावून शब्द दिला आणि मी खुशाल सही केली. सख्ख्या भावाकडून का कोणी लिहून घेतं? मी तरी नाही घेतलं, मूर्ख, दुसरं काय. पुढं आत्याला डोळ्यांनी दिसेना, म्हणून तिला मी माझ्याकडे आणलं.

दरवर्षी पंचमीच्या आधी माहेरून देवभाताची पुरचुंडी यायची. ती आली म्हणजे तुकडा शाबूत आहे, असं मी धरून चालले. जाऊन बघायची गरजच काय. शेजारणींना मूठमूठ वाटायची आणि वर तोरा मिरवायची.

भावजय भात कांडूनच पाठवायची. एका वर्षी मात्र धान तसंच आलं. आत्यानं पुरचुंडीत हात घातला, बराच वेळ दाणे बोटांत चोळत राहिली. मग म्हणाली, "याले कुसळ नाही. हे नांगराचं धान हाय, बाई." देवभाताच्या दाण्याला बोटभर लांब, तांबूस कुसळ असतं. मी तिच्यावरच खेकसले, तुझ्या हातांचा आता भरवसा राहिला नाही म्हणून. खेकसले खरी, पण दुसऱ्या दिवशी सौंसरची बस धरली.

तुकड्याच्या मधोमध चर खणून सगळं पाणी नाल्यात काढून दिलं होतं. संत्र्याची झाडं कमरेएवढी झाली होती, म्हणजे गोष्ट कालपरवाची नव्हती. भाऊ तिथंच झाडांना आळी करत होता. लाजलासुद्धा नाही. म्हणाला, दोन वर्षं होऊन गेली, तो चिखल काय कामाचा होता. आणि भात? तो म्हणे बाजारातून आणत होता.

"तुले वाईट वाटू नये म्हणून पाठवून राहिलो होतो ना, बाई."

जमीन नांगरली, तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण दोन वर्षं उपास धरून मी सप्तर्षींपुढं बाजारचं धान वाढलं, आणि माहेरचा शब्द म्हणून गोड मानून खाल्लं. माझा संताप संताप झाला. पाणीही न पिता मी परतले आणि आत्याला सगळं सांगून टाकलं. पुरचुंडीतलं धान तिनं चिमण्यांना टाकायला लावलं.

भाऊबीजेला तो आला. मी ओवाळणार नव्हते. आत्या म्हणाली, भाऊ आहे, सणाला दारात आला आहे, ताट कर. मी निरांजन लावलं. त्यानं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि मोठ्या खुशीत सांगू लागला की तिगावकडच्या एका तळ्यात देवभात सापडला, दोन मजूर आणि विळे घेऊन गेलो. आत्यानं पोत्यात हात घातला. कुसळ होतं. तिचा चेहरा उजळला, मग तिनं विचारलं, किती कापला?

"सगळा," तो म्हणाला. "एक दाना बी खाली पडू नाही देला, आत्या."

आत्यानं मूठ उघडून दाणे पोत्यात सोडले.

"ताट आत ठेव, बाई," ती मला म्हणाली.